सर, हे मला पटत नाही

पुणे विद्यापीठाची पदवी पदरी असलेल्या, पण विद्यापीठाच्या आवारात कधी पाऊल न टाकलेल्या माणसांची महाराष्ट्रात वानवा नाही. बी.ए. संगमनेरला झालं, बी.कॉम. नगरला, बी.एस्सी. नाशकात. प्रवेश कॉलेजात, वर्ग कॉलेजात, परीक्षेचा नंबरही बहुधा तिथंच. गुणपत्रिकेवरचं बोधचिन्ह तेवढं विद्यापीठाचं. पदवीदान समारंभाला पुण्याला जायचं राहून गेलं की प्रमाणपत्रही पोस्टानं घरी येतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘परतणं’ हा विषय दिला. गावाकडे परतणारे, परदेशातून परतणारे यांच्यावर इतर कुणी लिहीलच, असं मनाशी धरून मी वेगळ्याच लोकांच्या मागे गेले. जिथून पदवी घेतली त्याच विद्यापीठात दहा-पंधरा-पंचवीस वर्षांनी पीएच.डी.साठी पुन्हा नाव घालणारे लोक. हे का येतात, आल्यावर त्यांचं काय होतं आणि ज्यांनी एकोणिसाव्या वर्षी आपल्याला पाहिलंय अशा माणसांच्या देखरेखीखाली स्वतःचं काही नवं म्हणणं मांडता येतं का, हे मला बघायचं होतं.

विद्यापीठच हलतं तेव्हा

विद्यापीठाची गणेशखिंडीतली दगडी इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरांच्या बंगल्यात विद्यापीठाचा कारभार आला. तेव्हा त्याची हद्द पश्चिम महाराष्ट्रभर पसरलेली होती. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, मग धुळे आणि जळगाव गेले. आता पुणे, नगर आणि नाशिक उरलेत. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे.

या फेररचनेमुळे ‘आपलं विद्यापीठ’ ही गोष्ट वाटते तेवढी सरळ राहत नाही. जळगावच्या एखाद्या शिक्षकाची १९८९ ची पदवी पुण्याची, त्याच कॉलेजात आज संशोधन केंद्र आहे ते जळगावच्या विद्यापीठाचं. तो एकाच इमारतीत परत येतो आणि कागदोपत्री परक्या विद्यापीठात दाखल होतो. गोव्यातही हेच झालं. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होण्याआधी तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती, त्यामुळे त्या पिढीच्या गोवेकरांच्या पदव्यांवर मुंबईचं नाव आहे.

त्यामुळे परतणाऱ्यांचे दोन प्रकार पडतात. एक म्हणजे आपल्याच जुन्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात येणारे. त्यांना बाक, जिना, ग्रंथपाल, शिपाईमामा सगळं ओळखीचं असतं. दुसरे विद्यापीठाच्या विभागात येणारे. त्यांच्यापैकी ज्यांनी एम.ए.ही तालुक्यालाच केलं, त्यांना आपलं विद्यापीठ या वेळी पहिल्यांदाच दिसतं.

लग्नाआधीचं नाव

संगमनेरजवळच्या एका गावातल्या बाई मला विद्यापीठात भेटल्या. वय चाळिशीला टेकलेलं. बी.ए. तालुक्याच्या कॉलेजात, एम.ए. इथल्याच विभागात, मग नऊ-दहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणं. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत. आता त्या पूर्णवेळ संशोधक आहेत. विषय संगमनेर-सिन्नर पट्ट्यातल्या विडी कामगार स्त्रिया. त्यांची आई विड्या वळायची. १९७६ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या विडी कामगार कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे. त्यांची पुस्तकं आणि फी त्यातूनच झाली.

पुण्यालाच का आलात, हैदराबाद, दिल्ली, मुंबई होतं की, असं मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून कारणं सांगितली. मुलगी सातवीत आहे. आईचे गुडघे गेलेत. क्षेत्रकाम सगळं संगमनेरला, पुण्याहून सकाळची एसटी धरली की दुपारच्या आत तिथं पोचता येतं. प्रबंध मराठीत लिहायची मुभा हवी होती, कारण मुलाखती मराठीत आणि विचारही मराठीतच सुचतो. शेवटचं कारण जरा थांबून सांगितलं. ज्या सरांनी एम.ए.ला शिकवलं त्यांची निवृत्ती जवळ आली होती. नियमाप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला की मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. “मी सरांची शेवटची. आणखी एक वर्ष थांबले असते तर राहिलंच होतं.”

आपल्याच विद्यापीठात येण्याचा एक सरळ फायदा असतो. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट काढा, पात्रतेचा अर्ज भरा, जुन्या विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभे राहा. घरच्या माणसाला यातलं बरंचसं चुकतं. पण बायकांना एक गोष्ट चुकत नाही, ती म्हणजे नाव. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधार कार्डावर नवऱ्याचं, बँकेच्या पासबुकात आणखी तिसऱ्याच क्रमानं. फेलोशिपचे पैसे ज्या खात्यात यायचे त्या खात्यावरचं नाव आणि नोंदणीपत्रावरचं नाव जुळलं नाही तर गाडी अडते. मग राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, विवाहनोंदणीचा दाखला असं सगळं जोडत बसायचं. या बाईंनी उलटं केलं. प्रबंधावर माहेरचंच नाव ठेवलं. त्याच नावानं शिष्यवृत्ती घेतली होती, पीएच.डी.ही त्याच नावानं व्हावी अशी त्यांची इच्छा. त्यासाठी बँकेचं खातं नव्यानं काढलं.

केबिनमध्ये

गाईड आणि विद्यार्थी यांची बैठक बघायला मिळणं अवघड. संगमनेरच्या बाई आणि त्यांचे सर दोघंही तयार झाले म्हणून मला एका दुपारी केबिनच्या कोपऱ्यात बसता आलं.

टेबलावर चौथ्या प्रकरणाचा छापील खर्डा, एका बाजूनं छापलेला, ओळींत दुप्पट अंतर. सर पेन्सिलनं खुणा करतात. शाईचं पेन वापरत नाहीत, कारण, ते म्हणाले, पेन्सिलीची खूण विद्यार्थ्याला खोडता येते. पहिली दहा पानं भाषेची दुरुस्ती. ‘सदर’ काढा. ‘करण्यात आले’ काढा, कोणी केलं ते लिहा. मग ते एका पानावर थांबले.

नव्वदच्या दशकात सरांनी स्वतः याच विभागात असंघटित कामगारांवर प्रबंध लिहिला होता. घरबसल्या विडी वळणं हे निव्वळ शोषण आहे, दुसरं काम हाताला लागलं की बाया ते सोडतील, अशी त्यांची तेव्हापासूनची मांडणी. बाईंच्या मुलाखतींतून काही वेगळंच निघत होतं. कांद्याच्या नाहीतर डाळिंबाच्या कामावर रोज जास्त मिळत असतानाही पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणी रात्री विड्या वळत राहिल्या होत्या. कारण विडीचं कार्ड. त्या कार्डावर भविष्य निर्वाह निधी होता, दवाखाना होता, मुलांची शिष्यवृत्ती होती आणि आपण कामगार आहोत याचा सरकारी पुरावा होता. शेतावरच्या रोजंदारीत यातलं काहीच नव्हतं.

“म्हणजे तुम्ही म्हणताय, विडी चांगली?” सरांनी विचारलं.

“नाही सर. मी म्हणतेय, त्या अडाणी म्हणून चिकटून राहिल्या नाहीत. त्यांनी हिशेब केलाय.”

“मी अडाणी म्हटलेलं नाही.”

“तुमच्या तिसऱ्या प्रकरणात ‘पर्यायाच्या अज्ञानामुळे’ असं आहे, सर. ते मला पटत नाही.”

सर गप्प राहिले. मग कपाटातून स्वतःचा प्रबंध काढला, चष्मा वर सरकवून ते पान शोधलं, वाचलं. बाईंच्या खर्ड्याच्या समासात पेन्सिलनं लिहिलं: मला मान्य नाही. पण मुलाखती आहेत, राहू दे. आणि खाली: आणखी दहा मुलाखती, सिन्नरच्या, कार्ड नसलेल्या बायांच्या.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “एम.ए.ला असताना मी या केबिनच्या दारात उभी राहून बोलायचे. सर बसा म्हणाले तरी बसायचे नाही. पहिल्या वर्षी पीएच.डी.लाही तसंच झालं. सरांनी सांगितलेले सगळे बदल मी मुकाट्यानं करून आणले. तर ते वैतागले. म्हणाले, माझा प्रबंध माझ्याकडे आहे, तुमचा आणा.”

ही शेवटची दोन वाक्यं सगळ्याच गाईडना सुचत नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी मी पाहिलं त्यात विद्यार्थी गाईडच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची बेरीज तपासत बसला होता आणि त्याच्या प्रकरणावर वर्षभरात चर्चा झाली नव्हती. तोही त्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. नाही म्हणायची सवयच त्याला लागलेली नव्हती. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला तेवढं गृहीत धरणं जड गेलं असतं, असं मला वाटतं.

ऋणनिर्देशाची पानं

विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात प्रबंध बघत बसणं हा या लेखासाठी केलेला सगळ्यात आनंदाचा उद्योग. जाड पुठ्ठा, गडद रंगाचं कापड, सोनेरी अक्षरं. मी प्रबंध उघडून आधी ऋणनिर्देश वाचत गेले. एका पानावर ज्याचे आभार मानलेत तो गाईड. त्याचा प्रबंध काढला तर त्यात त्याच्या गाईडचे आभार. तीन-चार प्रबंधांत तीन पिढ्या सापडतात, एकाच विभागाच्या, काही वेळा एकाच मजल्यावरच्या. आता पुण्याला यायचीही गरज नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेल्या ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध कुणालाही घरबसल्या वाचता येतात, तिथंही हा वंशवृक्ष असाच उलगडतो.

विद्यापीठांच्या जगात या वंशवृक्षाला दोष मानतात. तिथंच शिकले, तिथंच पीएच.डी. केली, तिथंच नोकरीला लागले की नवी हवा येत नाही, एकाच्या चुका दुसरा पुढे नेतो, असा आक्षेप आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१७ साली म्युनिकला दिलेल्या व्याख्यानात स्वतःचा दंडक सांगितला होता. आपल्याकडे डॉक्टरेट केलेल्यानं अध्यापनाचा पुढचा अधिकार दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या प्राध्यापकासमोर मिळवावा. पण त्यांनी त्याच दमात परिणामही सांगितला. त्यांच्या एका अतिशय गुणी विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठानं नाकारलं, कारण वेबरनी त्याला केवळ तत्त्व म्हणून बाहेर पाठवलंय यावर तिथं कुणाचा विश्वासच बसला नाही.

मला हा आक्षेप खोटा वाटत नाही, पण आपल्याकडे तो जसाच्या तसा लावता येत नाही. गावाबाहेर पडायला पैसे लागतात, इंग्रजी लागतं, घरातली म्हातारी माणसं सांभाळणारं कुणीतरी लागतं. ज्यांच्या घरात पीएच.डी. हा शब्द पहिल्यांदाच येतोय त्यांच्यापुढे बहुतेक वेळा एकच दार उघडं असतं, ते ओळखीच्या विद्यापीठाचं. ते दार वाईट ठरवून उपयोग नाही. आत गेल्यावर असहमत होता येतं का, हे तपासायला हवं.

आणि होता येतं. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रं १९२४ पासून गो. स. घुर्ये यांच्या हाती होती. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अ. र. देसाई यांनी पीएच.डी. केली. देसाईंची पदवीही मुंबई विद्यापीठाचीच. घुर्ये प्राच्यविद्येच्या वळणाचे, संस्कृत ग्रंथांत रमणारे. देसाई मार्क्सवादी, चळवळीतले. भारतीय राष्ट्रवादाची पार्श्वभूमी आर्थिक बदलांतून उलगडणारा देसाईंचा प्रबंध गुरूच्या वाटेवरचा नव्हता. तो १९४८ मध्ये पुस्तकरूपानं आला, आजही अभ्यासक्रमांत आहे, आणि देसाई पुढे त्याच विभागाचे प्रमुख झाले. एकाच विद्यापीठाच्या पदव्या, तरी दोघांचं समाजशास्त्र वेगळं. घुर्यांच्या हाताखालून इरावती कर्वे एम.ए. होऊन बर्लिनला गेल्या आणि एम. एन. श्रीनिवास पीएच.डी. करून ऑक्सफर्डला गेले, हेही खरं. त्या विभागात राहणाऱ्यांना आणि जाणाऱ्यांना दोघांनाही जागा होती.

बाकावरचा मित्र गाईड होतो

नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजातले रसायनशास्त्राचे शिक्षक, वय पन्नासच्या पुढे. याच कॉलेजात बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. करून इथंच लागले, आणि आता कॉलेजच्या संशोधन केंद्रात अर्धवेळ पीएच.डी. करतायत. नोकरीत असलेल्यांना संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र देऊन असं करता येतं. त्यांचे गाईड म्हणजे टी.वाय.ला शेजारच्या बाकावर बसणारा त्यांचा वर्गमित्र. मित्रानं लवकर पीएच.डी. केली, तो प्राध्यापक झाला. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. मित्राच्या आठातली एक जागा यांना मिळाली.

चहाच्या टपरीवर ते ‘अरे-तुरे’ करतात. विभागात ‘सर’. ज्युनिअर मुलं समोर असली की गाईडलाच अवघडल्यासारखं होतं. सल्ला समितीसमोर सहामाही प्रगती मांडताना मित्रानं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, प्रयोगांच्या नोंदवहीत तारखा नाहीत म्हणून. “घरी गेल्यावर फोन केला त्यानं. म्हणाला, चिडलास का? मी म्हटलं, नाही रे, बरोबरच होतं. पण दोन दिवस बोललो नाही आम्ही.”

शास्त्र शाखांत माणसाइतकंच यंत्र महत्त्वाचं असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत संयुग तयार होतं, त्याचा वर्णपट काढायला नमुना कुपीत भरून पुण्याला न्यावा लागतो. ओळखीतून नंबर लागतो आणि इथं जुन्या विद्यार्थ्याचं नातं कामाला येतं. एकेकाळी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले संशोधकही पीएच.डी.साठी पुणे विद्यापीठात नाव नोंदवत. त्या प्रयोगशाळेच्या मातृसंस्थेची, म्हणजे सीएसआयआरची, स्वतःची पदवी देणारी अकादमी झाल्यापासून ते तिकडे गेले.

हप्ता

पैशाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण सगळे त्याबद्दलच बोलतात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळालेल्याला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढच्या टप्प्यात ४२,००० रुपये मिळतात. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी राज्यात समाजगटांनुसार बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत. त्या सरसकट मिळाव्यात, नोंदणीच्या तारखेपासून मिळाव्यात म्हणून पुण्यात विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली आहेत. तरुण संशोधकाला हप्ता लांबला तर मित्राकडून उसने घेता येतात. चाळिशीत परतलेल्या बाईला मुलीची शाळेची फी भरायची असते. संगमनेरच्या बाईंनी दोन वेळा मंगळसूत्र गहाण ठेवलं. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, माझ्या हिशेबाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलं. पण तक्रार मी करते. चाळिशीतल्या संशोधकाकडून संशोधन हवं असेल तर हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला यायलाच हवा.

बाहेरचा माणूस

घरच्या विद्यापीठातल्या पीएच.डी.ला खरी हवा लागते ती शेवटी. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, विद्यापीठाच्या नोकरीत नसलेल्या. तोंडी परीक्षेला त्यांच्यापैकी किमान एक जण हजर असतो आणि ती विभागातल्या शिक्षकांसाठी व संशोधकांसाठी खुली असते.

अशीच एक तोंडी परीक्षा मी पाहिली. उमेदवार विभागाचाच जुना विद्यार्थी. पहिल्या रांगेत आई, बायको, भाऊ, गावचे दोन शिक्षक. मागे ढोकळ्याचे आणि पेढ्यांचे खोके, तेही उमेदवाराच्या खर्चानं. ही प्रथा बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, तुम्ही निवडलेली गावं सगळी एकाच तालुक्यातली का? उमेदवारानं गाईडकडे पाहिलं. गाईड बोलायला लागले. परीक्षक म्हणाले, “सर, माफ करा, मला यांच्याकडून ऐकायचंय.” बराच वेळ गेला. मग उमेदवार म्हणाला, “तो माझा तालुका आहे. मला तिथं लोक दार उघडतात. पण त्यामुळे निष्कर्ष त्या तालुक्यापुरतेच आहेत, तसं मी लिहायला हवं होतं.” परीक्षकांनी तेवढी दुरुस्ती सुचवून पदवीची शिफारस केली. गाईडच्या मध्ये बोलण्यापेक्षा त्या एका उत्तरानं उमेदवाराला जास्त मान मिळाला, हे खोलीत सगळ्यांना कळलं.

हा बाहेरचा माणूस अगदी शेवटी न येता मधेच यावा, यासाठी संगमनेरच्या बाईंचा खटाटोप चालू आहे. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेच्या ग्रंथालयात दीड-दोन महिने वाचायचं, तिथल्या अभ्यासकांना चौथं प्रकरण दाखवायचं, असा बेत आहे. फेलोशिपच्या हजेरीपत्रकावर त्या काळाची नोंद क्षेत्रकार्य म्हणून धरावी लागेल. त्यासाठी गाईडची सही, मग विभागप्रमुखांची. सरांनी सही केली आहे. वर एक चिठ्ठीही दिली आहे, तिथल्या एका अभ्यासकाच्या नावे. त्या अभ्यासकानं पूर्वी सरांच्या मांडणीवर कडक टीका केली होती, हे बाईंना सरांनीच सांगितलं. सिन्नरच्या दहापैकी सहा मुलाखती झाल्यात. उरलेल्या चार दिवाळीनंतर, म्हणजे कांद्याच्या लागणीची घाई उरकली की. मुलगी आजीकडे राहायला तयार आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, हप्ता आला की काढायचं ठरलंय.